चालत्या यंत्राला हात लावताना

आर्डुइनो नॅनो हा बोर्ड जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब असतो, दोन सेंटिमीटरही रुंद नसतो. त्यावरच्या काळ्या चौकोनी चिपमध्ये, म्हणजे एटीमेगा३२८पीमध्ये, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा असते. मोबाइलवर काढलेला एक फोटोही एवढ्यात मावणार नाही. या जागेच्या अगदी शेवटी दोन किलोबाइटचा एक कोपरा राखून ठेवलेला असतो आणि तिथे बूटलोडर राहतो. बोर्डाला वीज मिळाली की पहिल्यांदा जागा होतो तो हा. यूएसबीच्या वाटेने कुणी नवा प्रोग्रॅम पाठवतंय का, हे तो क्षणभर थांबून बघतो. कुणी नसेल, तर आधीपासून चिपमध्ये असलेल्या प्रोग्रॅमकडे कारभार सोपवतो आणि बाजूला होतो.

आर्डुइनोने जानेवारी २०१८ पासून विकलेल्या नॅनोंवर हा बूटलोडर बदलला. त्याआधीचे असंख्य बोर्ड मात्र जुन्याच बूटलोडरवर चालत राहिले. वाईला माझ्या आत्याच्या घरी, जिन्याखाली विजेच्या मीटरशेजारी, असाच एक जुना नॅनो काम करायचा. त्याचा बूटलोडर बदलावा की आहे तसा राहू द्यावा, हा प्रश्न मी बरेच महिने मनात घोळवला. वरवर पाहता प्रश्न अर्ध्या तासाच्या कामाचा आहे. पण त्यात शिरत गेले तशी त्याची मुळं चिपच्या पलीकडे, घरात, आत्याच्या सकाळच्या कामांत आणि माझ्या तिच्यापासून असलेल्या अंतरात पसरलेली दिसली.

आत्याचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, तेव्हा मी हा बोर्ड बसवला होता. तोवर ती रोज गच्चीवरची शिडी चढून टाकीचं झाकण उचलून पाणी बघायची. पाणी सकाळी ठरावीक वेळात येतं, ते खालच्या हौदात साठतं आणि मोटर लावून वर चढवावं लागतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी एकसारखे दोन नॅनो, टाकीच्या ओलीत टिकणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि मोटर चालू-बंद करणारा रिले घेतला. सेन्सर झाकणाच्या आतल्या बाजूला बसतो, आवाजाची एक लहर खाली सोडतो, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. त्यावरून पाणी कुठवर आलं ते बोर्डाला कळतं. पाणी खाली गेलं की बझर वाजतो. आत्या बटण दाबते, मोटर सुरू होते आणि टाकी भरली की बोर्ड ती बंद करतो. एवढंच काम. पण त्या कामामुळे तिची शिडी सुटली.

बोर्ड चांगला चालायचा, फक्त अधूनमधून अडकायचा. मोटर सुरू होते त्या क्षणी तारांमधून विजेचा एक झटका उसळतो आणि कधीतरी तो चिपपर्यंत पोचतो. मग प्रोग्रॅम जिथे असेल तिथेच थिजतो. रिले मात्र लागलेलाच राहतो, मोटर चालत राहते आणि टाकी भरून वाहू लागते. मी रिलेच्या संपर्कांवर झटका शोषणारा स्नबर बसवला, पुरवठ्यावर कॅपॅसिटर वाढवले, सेन्सरची वायर मोटरच्या वायरपासून लांब नेली. अडकणं खूप कमी झालं, पण संपलं नाही. आत्याने त्यावर स्वतःची पद्धत बसवली होती. वरच्या पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला की टाकी भरली हे तिला स्वयंपाकघरातूनच कळायचं. तो आवाज आला आणि मोटर थांबली नाही, तर ती जाऊन प्लग बंद करायची, दहा आकडे मोजायची आणि परत चालू करायची. बोर्ड पुन्हा कामाला लागायचा.

या दुखण्यावर औषध त्याच चिपमध्ये आहे. तिच्यात वॉचडॉग नावाचं एक स्वतंत्र घड्याळ असतं. रात्री गस्त घालणाऱ्याच्या काठीचा आवाज ठरावीक वेळाने आला नाही, तर वस्तीला संशय येतो. वॉचडॉगचं तसंच असतं. प्रोग्रॅमने दर थोड्या वेळाने त्याला आपण जागे असल्याची खूण द्यायची. या चिपमध्ये जास्तीत जास्त आठ सेकंदांची मुदत देता येते. तेवढ्यात खूण आली नाही, तर वॉचडॉग चिप नव्याने सुरू करतो. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी दोन-तीन ओळी पुरतात. म्हणजे पाण्याचा आवाज ऐकून आत्या जे करते, ते चिपने स्वतःच करायचं.

अडचण होती ती जुन्या बूटलोडरची. वॉचडॉगने चिप पुन्हा सुरू केली, तरी तो स्वतः बंद होत नाही. उलट त्याची मुदत कमीत कमी होते, साधारण १६ मिलिसेकंद. उठल्याबरोबर जो कुणी कारभार हाती घेईल त्याने त्याला आधी शांत करावं, अशी अपेक्षा असते. जुना बूटलोडर ते करत नाही. तो आपल्या सवयीप्रमाणे यूएसबीकडे बघत थांबतो आणि त्याचं थांबणं संपायच्या आत वॉचडॉग पुन्हा चिप उठवतो. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. मुख्य प्रोग्रॅमची पाळीच येत नाही. बोर्डावरचा छोटा दिवा भराभर लुकलुकत राहतो आणि वीज तोडेपर्यंत हे चक्र सुटत नाही. नव्या नॅनोवर आलेला बूटलोडर ऑप्टिबूट या घराण्यातला आहे. आर्डुइनो उनोवर तो २०१० पासूनच आहे. तो अर्ध्या किलोबाइटमध्ये मावतो, प्रोग्रॅम दुप्पट वेगाने उतरवून घेतो आणि जागा झाल्याबरोबर वॉचडॉगला आवरतो.

कारण इतकं स्पष्ट असताना मी महिनोन्‌महिने का थांबले? कारण बूटलोडर बदलणं हे रोज नवा प्रोग्रॅम चढवण्यासारखं काम नाही. ते यूएसबीच्या वाटेने होत नाही. त्यासाठी दुसरा बोर्ड, बहुधा एक उनो, प्रोग्रॅमर म्हणून बसवावा लागतो. मग सहा वायरी जोडायच्या: दोन विजेच्या, तीन संवादाच्या आणि एक रीसेटची. उनो मध्येच स्वतः रीसेट होऊ नये म्हणून त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये दहा मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावायचा. एवढं झाल्यावर ‘बर्न बूटलोडर’ म्हटलं की पहिली गोष्ट घडते ती म्हणजे सगळी चिप पुसली जाते. सोबत फ्यूज म्हणून ओळखले जाणारे बाइट लिहिले जातात. घड्याळाचा ठोका कुठून घ्यायचा, हे चिपला त्यांवरून कळतं. तिथे चुकीचा आकडा गेला, तर चिप जोडलेलंच नाही अशा घड्याळाची वाट बघत बसते आणि कशालाच उत्तर देत नाही. तिला परत आणता येतं, पण त्यासाठी बाहेरून ठोका पुरवावा लागतो.

हे सगळं करता येण्याजोगं आहे. मला थबकवलं ते वेगळ्याच जागेने. या चिपमध्ये प्रोग्रॅमच्या जागेशिवाय एक किलोबाइटची ईईप्रॉम नावाची स्मृती असते. वीज गेली तरी तिच्यातले आकडे टिकतात. बोर्ड बसवला त्या दिवशी मी गच्चीवर टाकीत टेप सोडून उभी होते आणि आत्या खालून अंगणातून सांगत होती, “अगं, काठोकाठ नको, झाकणाला पाणी लागतं मग. चार बोटं खालीच ठेव.” त्याप्रमाणे पाणी कुठे थांबवायचं आणि कुठे बझर वाजवायचा, हे दोन आकडे आम्ही बटण दाबून ईईप्रॉममध्ये साठवले. पुढे उन्हाळ्यात पाणी कमी यायला लागलं, तेव्हा आत्याने बझरचा आकडा स्वतःच वर घेतला. दिवाळीत घरी माणसं वाढली, तेव्हा आणखी थोडा सरकवला. हे आकडे माझ्या लॅपटॉपवर कुठेही नव्हते. प्रोग्रॅम माझा होता; घर कसं चालतं हे मात्र त्या चिपला आत्याने शिकवलं होतं. आर्डुइनोच्या नेहमीच्या फ्यूज-मांडणीत चिप पुसली की ईईप्रॉमही पुसली जाते. मी पुण्याहून नवी आवृत्ती घेऊन गेले असते आणि बर्नची आज्ञा दिली असती, तर बोर्ड अधिक शहाणा होऊन उठला असता, पण त्या घराबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं.

कुठल्याही चालत्या यंत्राचं असंच असतं, असं मला तेव्हापासून वाटतं. बांधणाऱ्याने त्याला जे दिलं, त्यावर वापरणाऱ्यांच्या सवयींचा एक थर चढतो. तो थर मूळ फाइलमध्ये कधीच नसतो. म्हणून नवी आवृत्ती हातात असणाऱ्याने आधी हे विचारावं, की मला माहीत नसलेलं असं या यंत्राला आज काय माहीत आहे?

अशा बदलांच्या मोठ्या गोष्टी अवकाशयानांच्या आहेत, कारण तिथे जाऊन प्लग काढता येत नाही. नासाचं व्हायकिंग १ हे यान २० जुलै १९७६ ला मंगळावर उतरलं आणि सहा वर्षांहून जास्त काळ काम करत राहिलं. त्याची बॅटरी थकत चालली होती. ती नीट भारित व्हावी म्हणून नोव्हेंबर १९८२ मध्ये पृथ्वीवरून नव्या आज्ञा पाठवल्या गेल्या. त्या आज्ञा स्मृतीत नको त्या जागी लिहिल्या गेल्या. अँटेना पृथ्वीच्या दिशेने कशी वळवायची, याची माहिती जिथे होती नेमकी ती जागा पुसली गेली. यानाशी संपर्क तुटला तो कायमचा. बदलाचा हेतू यानाला आणखी जगवण्याचाच होता. पण चुकलं तर दुरुस्ती ज्या वाटेने पोचायची, तीच वाट त्या बदलाने बंद केली.

दुसरी गोष्ट मार्स पाथफाइंडरची. ४ जुलै १९९७ ला ते उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. महत्त्वाचं एक काम ठरल्या वेळेत पुरं होत नव्हतं, कारण त्याला हवी असलेली सामायिक गोष्ट कमी महत्त्वाच्या दुसऱ्या कामाने धरून ठेवलेली असायची, आणि तिसरीच कामं त्या दुसऱ्याला पुढे सरकू देत नव्हती. अशा वेळी राखणीची व्यवस्था संगणक पुन्हा सुरू करायची. म्हणजे यान अडकून पडत नव्हतं ते राखणीमुळेच. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर तोच बिघाड पुन्हा घडवून पाहिला, कारण शोधलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. ती लागू पडली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की त्यांच्यातला फरक धाडसाचा वाटत नाही. धाडस दोन्हीकडे होतं. पाथफाइंडरच्या माणसांना बिघाड डोळ्यांसमोर घडवून बघता आला आणि बदल चढवतानाही संवादाची वाट उघडी राहिली. छंदाच्या बोर्डांची घडण गेल्या काही वर्षांत त्याच दिशेने गेलेली दिसते. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोत सुरुवातीचा प्रोग्रॅम चिपच्या अशा भागात कोरलेला असतो, की तो पुसताच येत नाही. आपण कितीही चुकीचं काही चढवलं तरी बूटसेलचं बटण दाबून धरत केबल जोडली, की बोर्ड नवा प्रोग्रॅम घ्यायला पुन्हा तयार होतो. ईएसपी३२ मध्ये नव्या आवृत्तीसाठी वेगळा कप्पा ठेवता येतो. नवी तिथे उतरते, जुनी तिच्या कप्प्यात शाबूत असते आणि नवीने आपण ठीक असल्याचं ठरल्याप्रमाणे कळवलं नाही, तर बोर्ड जुनीकडे परततो. ज्यांनी ही रचना केली त्यांनी मान्य केलं, की बदल फसू शकतो आणि फसला तरी माणसाचं काम अडू नये. या मान्यतेबद्दल मला फार आदर आहे.

याच्या उलट टोकाचा प्रसंग ऑक्टोबर २०१४ मधला. बोर्डाला यूएसबीशी जोडणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या नकला बाजारात पसरल्या होत्या. स्वस्त नॅनोंवरही त्या सर्रास असायच्या. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या आपोआप होणाऱ्या अपडेटमधून लोकांच्या संगणकांवर उतरला आणि त्याने नकली चिपमधला ओळखक्रमांक शून्य करून टाकला. आदल्या दिवशी चालणारे बोर्ड संगणकाला ओळखू येईनासे झाले. गदारोळ झाला आणि तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. नकलेचं समर्थन मी करणार नाही. पण ज्याच्या टेबलावर तो बोर्ड होता, त्याला बहुधा चिप नकली आहे हे ठाऊक नव्हतं आणि बदल होतोय हेही कुणी विचारलं नव्हतं. तांत्रिक चुकीपेक्षा हे न विचारणं मला जास्त गंभीर वाटतं.

म्हणून मी आत्याला विचारायचं ठरवलं. तोवर माझी तयारी झाली होती. तपकीर गल्लीतून आणलेला दुसरा नॅनो माझ्याकडे पुण्यात होता. त्याच्यावर जुन्या बूटलोडरसकट वॉचडॉगचा प्रोग्रॅम चढवून मी तो मुद्दाम अडकवला आणि दिव्याचं भराभर लुकलुकणं समोर पाहिलं. मग त्याच बोर्डावर नवा बूटलोडर घातला, पुन्हा अडकवला आणि आठ सेकंदांनी तो शांतपणे उठून पाणी मोजायला लागला. वाईच्या बोर्डातला प्रोग्रॅम, ईईप्रॉम आणि फ्यूज आधी वाचून फाइलींमध्ये कसे साठवायचे, तेही पक्कं केलं. वाचल्याने चिपमधलं काही बदलत नाही. आता परतीची वाट तयार आहे, अशा समाधानाने मी वाईला गेले.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मला प्लग काढावा लागणार नाही?”

“नाही. मोटर आपोआप बंद होईल आणि बझर वाजेल. तू फक्त परत बटण दाबायचं.”

“बरं. आणि हे नवं बिघडलं तर? तू पुण्याला. तुझ्या फाइली तुझ्या लॅपटॉपात. इथे मी काय करायचं?”

या प्रश्नाने माझ्या तयारीची दिशाच बदलली. जुन्या बोर्डाचा दोष तिला माहीत होता आणि त्यावरचा उपायही तिच्या हातात होता. तो उपाय ओबडधोबड असेल, पण तिला तो कुणाला फोन न करता करता यायचा. नव्या व्यवस्थेत दोष क्वचितच येणार होता, पण आला तर ती माझ्या येण्यावर अवलंबून राहणार होती. बदल घडवणाऱ्याची सोय आणि बदल सोसणाऱ्याची सोय या वेगळ्या असतात. मी जिला परतीची वाट म्हणत होते, तिचं दार फक्त माझ्या बाजूने उघडत होतं.

उत्तर माझ्या पिशवीतच होतं. पुण्यात तपासलेला तो दुसरा नॅनो. बोर्ड मी मुळातच सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवला होता, त्यामुळे तो उचलून दुसरा ठेवणं शक्य होतं. चालत्या चिपला पुसायचं कारणच उरलं नाही. तिच्यातले आकडे वाचून घ्यायचे, दुसऱ्या बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये लिहायचे, तो सॉकेटमध्ये बसवायचा आणि जुना जसाच्या तसा जवळच्या डबीत ठेवायचा. हे नवं कधी दगा देऊ लागलं, तर आत्याने प्लग काढून बोर्ड बदलायचा. यूएसबीचं तोंड भिंतीकडे, एवढी एक खूण लक्षात ठेवायची. ती तिने माझ्यासमोर बोर्ड काढून, परत बसवून, पुन्हा काढून पाहिली.

बदल कधी करायचा, हेही तिनेच ठरवलं. मी लगेच करणार होते. ती म्हणाली, “गणपतीत घर भरलेलं असतं, तेव्हा नवीन काही नको. नवरात्र होऊ दे.” तिचं बरोबर होतं. वीसेक माणसं घरात असताना टाकीने रुसून चालणार नव्हतं. ज्या दिवशी बिघाड परवडणार नाही, त्याच्या तोंडावर बदल करू नये, हा नियम मोठ्या कंपन्यांतले अभियंतेही पाळतात. आत्याला तो घर चालवून ठाऊक होता. नवरात्र झाल्यावर आम्ही बोर्ड बदलला, मोटर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहिली, मुद्दाम अडकवून पाहिली. तो उठला. आकडे जागेवर होते. पाणी आत्याने सांगितल्याप्रमाणे चार बोटं खालीच थांबलं.

“चालतंय ना, मग हात लावू नकोस” हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्यातलं शहाणपण मला मान्य आहे. पण हात न लावण्याचेही दोन प्रकार असतात. यंत्र ओळखून, त्याचा दोष सोसता येण्याजोगा आहे हे तपासून त्याला तसंच ठेवणं हा एक. उघडायचीच भीती वाटते म्हणून ठेवणं हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, बोर्ड तोच राहतो. फरक कळतो तो पहिल्या मोठ्या बिघाडाच्या दिवशी. तसेच बदलाचेही दोन प्रकार आहेत: गरजेपोटी केलेला आणि नवी आवृत्ती दिसली म्हणून हात शिवशिवले तेव्हा केलेला. वाईच्या बोर्डाला वॉचडॉगची गरज होती, म्हणून तो बदल योग्य होता. माझ्या टेबलावरचं जुनं तापमान मोजणारं यंत्र त्याच जुन्या बूटलोडरवर चालतं. ते अडकत नाही, त्याच्यावर कुणाचं पाणी अवलंबून नाही. त्याला मी तसंच ठेवलं आहे, आणि तेही ठरवून.

डबीतल्या जुन्या बोर्डाची मला काळजी नाही. या चिपच्या डेटाशीटप्रमाणे २५ अंश तापमानात तिच्यातला मजकूर शंभर वर्षं टिकतो. आत्याच्या शेजारच्या घराने आता तसाच बोर्ड मागितला आहे. त्यांच्यासाठी बांधताना मी सॉकेट, दुसरा तयार बोर्ड आणि तो बदलण्याची खूण सुरुवातीपासूनच धरली आहे. आकडे कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचे, हेही ठरलं आहे. नवी आवृत्ती कितीही चांगली असो, ती नाकारून जुनीवर परत जायचं बळ ज्या घरात ती राहणार त्या घरात असलं पाहिजे. ते देता येत असेल, तर बदल खुशाल करावा. देता येत नसेल, तर आधी ते द्यायची सोय करावी आणि तोवर थांबावं.